हेजेमनी आणि उसना बैल

रमा, तू पाठवलेला निबंध मी दोनदा वाचला. एकदा आजी म्हणून आणि एकदा परीक्षक म्हणून. आजीनं पैकीच्या पैकी गुण दिले. परीक्षकानं मात्र लाल पेन शोधलं, कारण ‘हेजेमनी’ हा शब्द तू पानापानावर वापरला आहेस. फोनवर मी म्हटलं, शेजारच्या काकूंना सांगावं तसं मला सांग, म्हणजे काय ते. तू म्हणालीस, "आजी, म्हणजे पॉवरच, पण जरा वेगळी." मागून तुझा भाऊ ओजस म्हणाला, "बॉसगिरी." मग तुम्ही दोघं हसलात आणि मी तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं.

फोनवर सांगून संपेल असं ते नव्हतं. हा एक शब्द शिकवण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला आहे. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा ‘कामाच्या आठवणी लिहा’ म्हटल्यावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की लेख नातवंडांसाठी असेल, इतरांनी वाचला तर हरकत नाही.

आधी कामाबद्दल थोडं सांगते. माझं शिक्षण सिकंदराबादला, इंग्रजीतून. वडील रेल्वेत होते. लग्न होऊन जालन्यात आले, तुमचे आजोबा तेव्हा बियाण्यांच्या एका कंपनीच्या कचेरीत होते. मला जागा मिळाली भोकरदनकडच्या एका महाविद्यालयात, राज्यशास्त्राची. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. जे इंग्रजीतून शिकले होते ते मराठीतून सांगायचं होतं, आणि तेही अशा मुलांना, जी सकाळी शेतात पाणी धरून मग वर्गात येत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्राध्यापकाचं काम म्हणजे व्याख्यान देणं. आमच्याकडे व्याख्यान हा कामाचा शेवटचा भाग. आधी जूनमध्ये गावोगाव फिरून मुलं आणायची, कारण मुलं नसली तर विषय बंद, आणि विषय बंद तर आपणही घरी. पिंपळगाव रेणुकाईला मंगळवारी देवळाबाहेर उभं राहून मी बी.ए.ची पत्रकं वाटली आहेत. एका आजोबांनी पत्रक घडी करून प्रसादाबरोबर खिशात ठेवलं आणि विचारलं, "यानं पोराचं लगन जमतं का, बाई?" मी म्हटलं, जमायला मदत होते. तेवढ्यावर त्यांनी नातू पाठवला. पुढे मदत झाली की नाही ते कळलं नाही. आमचा एम.ए.चा वर्ग आता बंद पडला आहे. मुलं विज्ञानाला जातात, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. त्याचं वाईट वाटतं, पण मुलांना दोष देववत नाही.

तर हेजेमनी. एका पुस्तकात तिला ‘वर्चस्व’ म्हटलं होतं, दुसऱ्यात ‘प्रभुत्व’, आणि विद्यापीठातली अभ्यासू मंडळी ‘धुरीणत्व’ म्हणत. मुलं बाजारातल्या गाईडवर चालत. गाईडमध्ये एकच ओळ होती: बलवानाने दुर्बलावर हुकूम चालवणे. मग उत्तरपत्रिकेत उदाहरण म्हणून कुणी गावातला दादा लिही, कुणी सासू लिही, आणि एकानं तर आमच्या प्राचार्यांचं नाव लिहिलं होतं. त्याला मी अर्धा गुण दिला. उदाहरण चूक होतं, पण धाडस बरोबर होतं.

मूळ शब्द ग्रीकांचा. तिथं बरीच नगरं एकत्र येऊन लढायची आणि त्यांतलं एक सगळ्यांच्या पुढे असायचं. त्या पुढारपणाला हा शब्द होता. पुढे तो देशांना लागला. एखादा देश इतका भारी होतो, की बाकीचे काहीही करण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघतात. तुझ्या निबंधात हाच अर्थ आहे आणि तो चूक नाही. पण गेल्या शतकात इटलीतल्या एका विचारवंतानं तुरुंगात बसून हा शब्द आणखी खोल नेला. त्याला प्रश्न पडला होता, की थोडे लोक पुष्कळांवर सत्ता चालवतात, पण रोज काही काठी उगारत नाहीत. तरी पुष्कळ जण ऐकतात ते का? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की वरच्यांची चालरीत, त्यांचे मान, त्यांच्या आवडीनिवडी हीच खालच्यांना जगाची रीत वाटू लागते. मग काठीची गरज उरत नाही. खालचेच त्या रीतीची राखण करतात, आणि मनापासून करतात. जबरदस्तीत माणूस नाइलाजानं वाकतो. हेजेमनीत आपण वाकलो आहोत हेच त्याला ठाऊक नसतं.

पुढे शहाण्या लोकांनी हा शब्द फार झिजवला. एका चर्चासत्रात हुंड्यापासून पोह्यांपर्यंत सगळ्याला तो लावलेला मी ऐकला आहे. म्हणून मी वर्गाला काही साधे प्रश्न विचारायला शिकवलं. काठी दिसते का? दिसत असेल तर हा शब्द बाजूला ठेवा, त्यासाठी दुसरे पुष्कळ शब्द आहेत. खालचा माणूस ते आपणहून करतो का? आणि हे वेगळंही असू शकतं, असं त्याला कधी सुचलं आहे का?

हे सांगितलं त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या नसीमनं हात वर केला. नसीम भोकरदनची, घरी उर्दू बोलणारी, आणि वर्गातलं सगळ्यांत नेटकं मराठी तिचं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी अब्बा जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. अब्बांना दुकानातून यायला उशीर होतो. ते रोज सांगतात, तुम्ही जेवून घेत जा. दादी रोज हो म्हणते. आणि रोज कुणीच जेवत नाही." मग तिनं विचारलं, "यात अब्बांची चूक काय?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही, तीच तर अडचण आहे.

नसीम आता जालन्यात वकिली करते. कधी बाजारात भेटते. तिच्या स्वतःच्या घरी आधी कोण जेवतं, हे विचारायचं दर वेळी राहून जातं.

त्याच तासाला मागच्या बाकावरून रामेश्वर उभा राहिला. केदारखेड्याच्या पुढे आत वळलं की त्याचं गाव. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वडील सांडूअण्णा. सांडू हे नाव त्या भागात जागोजाग सापडतं. थोडीशी जमीन आणि आसपासची माणसं वाट वाकडी करून बघायला येतील अशी बैलजोडी, हे त्यांचं ऐश्वर्य. रामेश्वर वर्गात सहसा बोलत नसे.

"मॅडम, बैल चालंल का?" त्यानं विचारलं.

वर्ग हसला. मी म्हटलं, आण, बघू चालतो का.

पोळा तुम्ही दोघांनी फोटोत पाहिला आहे. वर्षभर राबलेल्या बैलांना त्या दिवशी काम नसतं. त्यांना धुतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल घालतात आणि दुपार कलली की गावच्या वेशीत आणून उभं करतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण असतं. मंगलाष्टकं होतात आणि मग बैल तोरणाखालून गावात शिरतात. पण मुसंडी मारून नाही. पहिला जातो तो मानाचा बैल, आणि तो पाटलाच्या घरचा असतो. त्याच्यामागे बाकीचे, ज्याच्या घराचा जो क्रम त्याप्रमाणे. हा क्रम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ असतो.

रामेश्वरच्या गावच्या पाटलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला आणि बैल विकून टाकले. मान मात्र बैलांबरोबर विकला गेला नाही. त्या वर्षी पोळ्याला मानाचा बैल आणायचा कुठून, असा प्रश्न पडला, तेव्हा सांडूअण्णा आपल्या जोडीतला एक बैल घेऊन पाटलांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून दर पोळ्याला तसंच, फक्त पुढे पाटलांचा गडीच झूल घेऊन बैल न्यायला येऊ लागला. जुने बैल थकले, त्यांच्या जागी हिऱ्या आणि पाखऱ्या आले, तरी रीत चालू राहिली. हिऱ्याच्या पाठीवर पाटलांच्या घरची जरीची झूल पडते, पाटलांचा गडी त्याचा कासरा धरतो आणि हिऱ्या पाटलाचा बैल म्हणून तोरणाखालून पहिला जातो. पाखऱ्याचा कासरा धरून सांडूअण्णा रांगेच्या शेवटाकडे उभे असतात, कारण त्यांच्या घराची जागा तिथली.

वर्ग आता हसत नव्हता. मी विचारलं, तुझ्या वडिलांना याचं काय वाटतं?

"आण्णाला लई अभिमान वाटतो, मॅडम. आठ दिस झाले, हिऱ्यालाच घासून राह्यलेत."

आणि तुला?

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "मला एकदा आमचे दोन्ही बैल संगं पाह्यचेत तोरणाखाली. आण्णाच्या हातात. बाकी काई न्हाई."

माझ्या सगळ्या नोकरीत हेजेमनीचं इतकं नेमकं उदाहरण मला कुणी दिलं नव्हतं. बैल एकाचा, मान दुसऱ्याचा, आणि ज्याचा बैल तोच छाती फुगवून मागे उभा. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प लिहावा लागे आणि त्यावर बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेत. मी रामेश्वरला म्हटलं, यावरच लिही.

तो चांगलं लिहीत होता. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलत होता, कुणाचा बैल कुणामागे आणि का, हे विचारत होता. विचारायला गेलं की गावात बातमी होतेच. हुरड्याच्या दिवसांत एका दुपारी सांडूअण्णा स्वतः महाविद्यालयात आले. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत माझ्यासाठी हुरडा. मी खुर्ची दिली तर तिच्या कडेला टेकले.

"मॅडम, पोरगं आप्पावर काईतरी लिहून राह्यलंय."

मी म्हटलं, आप्पांवर नाही, पोळ्याच्या रीतीवर.

"तेच ते. रीत आप्पाचीच की. तेवढं काढून टाका. दुसरं काई बी लिहू द्या त्याला. आमदारावर लिहू द्या, कलेक्टरवर लिहू द्या."

"त्यांच्यावर लिहिलेलं चालेल?"

"ते कुठं वाचून राह्यले?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी सांगितलं, की रामेश्वरच्या वेळी त्याची आई अडली होती. नाल्याला पूर होता, एकही गाडी यायला तयार नव्हती. आप्पांनी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेलं, ट्रॅक्टर स्वतः चालवला आणि नाल्यात पाणी चाकाच्या वर आलं तरी थांबले नाहीत. "असा मानूस. त्याला वाईट म्हणून पुस्तकात छापायचा का?"

मी म्हटलं, रामेश्वरनं त्यांना चांगलंच म्हटलं आहे, मी वाचलंय.

"मंग इंग्रजी शब्द कामून लावता? चांगल्या मानसाला मराठीत चांगला म्हणत्यात. इंग्रजी शब्द लावला की समजायचं, काईतरी खोट काढली."

एवढ्यात रामेश्वर दारात आला. वडील आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो आत आला नाही, चौकटीला टेकूनच बोलला.

"आण्णा, हिऱ्या कुनाचा?"

"माझा."

"पोळ्याला कुनाचा म्हणून जातो?"

"आप्पाचा."

"मंग?"

"मंग काय? एक दिवस आप्पाचा. सालभर माझाच हाय ना."

"आन त्या दिवशी तुमी कुठं असता?"

सांडूअण्णांनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मागं बी कुनीतरी लागतंच की," ते म्हणाले. "समदेच पुढं गेले तर पुढच्याला बघंल कोन?"

स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो, ते बरं झालं. मी सांडूअण्णांना समजावलं, की आप्पांविषयीचं पान ठेवायचं की काढायचं हे मी ठरवू शकत नाही. लिहिणारा तो, नाव त्याचं, निर्णय त्याचा. आमच्या कामाचा नियम तसाच आहे आणि तो योग्यही आहे. सांडूअण्णा उठले. "शिकवलं तुमी," ते शांतपणे म्हणाले, "आन आता म्हणता त्याचं तो बघंल." हुरडा मात्र त्यांनी परत नेला नाही.

रामेश्वरनं पान काढलं नाही. त्यावर सांडूअण्णांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. ते म्हणाले, आप्पाला हे बाहेरून कळण्याआधी आपणच सांगायचं. प्रकल्प टाइप होऊन आला त्याच दिवशी ते रामेश्वरला घेऊन पाटलांच्या ओट्यावर गेले आणि त्याला म्हणाले, वाच. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

पुढचं मला रामेश्वरनं सांगितलं. तो वाचत होता आणि सांडूअण्णा खाली मान घालून बसले होते, जणू चोरी त्यांनीच केली आहे. आप्पांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "टायपिंग साफ झालंय." मग विचारलं, "त्या शब्दाला आपल्यात काय म्हणतात रे?" रामेश्वरनं धुरीणत्व सांगितलं. "हे त्याच्यापरीस अवघड हाय," आप्पा म्हणाले.

मग आप्पांनी सांडूअण्णांना विचारलं, आपण बैल विकले त्याला किती वर्षं झाली असतील? सांडूअण्णांना सांगता येईना. आप्पांनाही सांगता येईना.

"मला तर हिऱ्या आपलाच वाटून राह्यला होता," आप्पा म्हणाले.

तोंडी परीक्षेला परभणीकडचे एक परीक्षक आले होते, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सिद्धान्ताचं सगळं विचारून घेतलं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, सगळं गाव खुशीत आहे, पाटील भला आहे, बैलवाला आनंदानं बैल देतो. मग यात अन्याय कुणावर? रामेश्वर म्हणाला, "सर, पाखऱ्यावर." परीक्षक इतके हसले, की शिपाई डोकावून गेला. गुण चांगले पडले. पण रामेश्वरला हवं होतं ते गुणपत्रिकेत मिळणारं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आप्पांनी यंदा हिऱ्याला न्यायला गडी पाठवलेला नव्हता, झूलही धाडली नव्हती. आण्णा सकाळपासून अस्वस्थ होते. दोनदा पाटलांच्या दारावरून जाऊन आले, आत जायचं धाडस झालं नाही. आप्पा रुसले असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. "मॅडम, तुमी या," रामेश्वर म्हणाला. "काय होईल माहीत न्हाई. काई झालं तर आण्णा मला जन्मात माफ करायचे न्हाईत."

तुमचे आजोबा आणि मी दुपारी केदारखेड्याला उतरलो. तिथून रामेश्वरच्या मित्रानं रिक्षानं नेलं. वेशीत बैलच बैल. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, लाल-निळे ठिपके. सांडूअण्णा शेवटाकडे आपल्या जागी उभे होते, पण या वेळी दोन्ही हातांत दोन कासरे घेऊन, आणि हिऱ्याचं काय करायचं हे न कळल्यासारखे. पुढे तोरणाखाली जागा मोकळी होती.

आप्पा आले. उंच, किरकोळ, पांढऱ्या टोपीतले. त्यांचे हात रिकामे होते. मंगलाष्टकं झाली. मग ते म्हणाले, फार मोठ्यानं नाही, "यंदा माझा बैल न्हाई. मला बैलच न्हाई, तर कुठून असंल? सांडू, तू पुढं हो. दोन्ही घेऊन."

कुणी हललं नाही. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. एक म्हातारबाबा म्हणाले, "आप्पा, सणाच्या दिवशी मस्करी करू नये." दुसऱ्यानं विचारलं, सांडू पुढं गेला तर त्याच्या जागी कोण, आणि मग आम्ही कुठं उभं राहायचं? हा प्रश्न खरा होता, कारण एक घर हललं की सगळ्यांचा क्रम हलतो. एकानं तोडगा काढला, की तोरणाखालून पाटलांचा ट्रॅक्टरच पहिला घाला, म्हणजे मानही राहील आणि वादही नको. दोघातिघांना तो पटलाही. माझी खात्री आहे, आप्पांनी नुसती मान डोलावली असती तर त्या दिवशी ट्रॅक्टर सजला असता.

सांडूअण्णा घामेघूम झाले होते. "आप्पा, मला न्हाई जमायचं," ते म्हणाले. "पाय उचलंना."

"उचल. मी सांगून राह्यलो ना."

सांडूअण्णांनी एकदा आप्पांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. रुसवा नाही हे त्यांना दिसलं असावं. "तुमी म्हणून राह्यले तर जातो," ते म्हणाले.

रांग दुभंगली. ते दोन्ही बैल घेऊन पुढे आले आणि तोरणाखालून गेले. हिऱ्या उजवीकडे, पाखऱ्या डावीकडे, मध्ये सांडूअण्णा, मान खाली घातलेले, जणू देवळात चोरून शिरताहेत. हलगी वाजायला लागली. रामेश्वर माझ्या शेजारी उभा होता. त्याला हवं ते डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्याचा चेहरा पडलेला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हे बी त्यांच्याच सांगन्यावरून झालं."

मी मास्तरीण, मला तोंडभर बोलायची सवय. त्या वेळी मी नुसती मान हलवली, कारण त्याचं बरोबर होतं.

मिरवणूक मारुतीच्या पाराला वळसा घालून पुढे गेली. तिथं रस्ता फुटतो. डावीकडे पाटलांचं घर, उजवीकडे अरुंद गल्ली, जिच्या टोकाला सांडूअण्णांचं घर. मानाचा बैल आधी पाटलांच्या दारी जातो, पाटलीणबाई त्याला ओवाळतात आणि मगच बाकीचे बैल आपापल्या घरी पांगतात. तोवर सगळे मागे उभे असतात. आप्पांनी सांडूअण्णांना पुढे व्हायला सांगितलं होतं, पण पुढे होऊन जायचं कुठे, हे ते बोलले नव्हते. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. डाव्या हाताला लांबवर पाटलीणबाई ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या दिसत होत्या.

दोन्ही बैल आपसूक डावीकडे वळले. त्यांचं रोजचं पाणी पाटलांच्या हौदावर.

सांडूअण्णा थांबले. हातातले कासरे सैल पडले. मागे सगळी रांग थांबली, हलगीही थांबली. आप्पांनी काही सांगण्यासाठी हात उचलला. आणि मग, का ते मला माहीत नाही, तो तसाच खाली घेतला. सांडूअण्णांनी मागे वळून पाहिलं असतं तर त्यांना आप्पा दिसले असते. त्यांनी पाहिलं नाही. कासरे आवळले, बैलांच्या माना उजवीकडे ओढल्या आणि गल्लीत शिरले.

त्यांच्यामागे बाकीचे बैल शिरले, कारण मानाच्या बैलामागे जायचं एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पाही त्या गर्दीत चालत होते, एका पोराच्या गोऱ्ह्याला चुकवत.

सांडूअण्णांचं दार लोटलेलं होतं. रामेश्वरच्या आईला, कौसाबाईंना, काहीच कल्पना नव्हती. इतकी वर्षं त्यांच्या दारी बैल यायचे ते दिवे लागल्यावर, सगळ्यांच्या शेवटी. त्या आत पुरणाच्या पोळ्या लाटत होत्या. घुंगरांचा आवाज ऐकून बाहेर आल्या त्या कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या हातांनी आणि घरातल्या विटक्या लुगड्यात.

"एवढ्या जल्दी कामून आले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "पाटलाकडून आले का?"

"न्हाई."

"मंग?"

"आधी इथंच आलो," सांडूअण्णा म्हणाले.

कौसाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलांनी भरलेली होती आणि त्यांत कुठेतरी आप्पांची पांढरी टोपी दिसत होती. त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं, एकदा लुगड्याकडे.

"थांबा मंग," त्या म्हणाल्या. "लुगडं बदलून येते."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. सगळं गाव गल्लीत उभं राहिलं. बैल माना हलवत होते, घुंगरं वाजत होती. मागून एक जण ओरडला, जल्दी करा काकू, आमच्या बी घरी वाट पाहून राह्यलेत. कुणी त्याला साथ दिली नाही. आप्पा भिंतीला टेकले. रामेश्वर पुढे जाऊन बापाच्या बाजूला उभा राहिला होता आणि त्याच्या हातात आता पाखऱ्याचा कासरा होता.

आतून हात धुतल्याचा आवाज आला. मग पेटीचं झाकण उघडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. कौसाबाईंना कसली घाई नव्हती.